सहा आठवड्यांचं घड्याळ

डिसेंबर १८८२. सिसिली बेटावरचं मेसिना शहर. समुद्रकाठच्या एका भाड्याच्या घरात तुम्ही उभे आहात आणि खिडकीतून सामुद्रधुनीपलीकडचा इटलीचा किनारा दिसतो आहे. घरातली मंडळी सर्कशीतली माकडं बघायला गेली आहेत. मागे राहिला आहे सदतीस वर्षांचा एक रशियन प्राणिशास्त्रज्ञ, इल्या मेचनिकोव्ह. सूक्ष्मदर्शकावर वाकून तो तारामाशाची अळी बघतो आहे. अळी पाण्याइतकी पारदर्शक, त्यामुळे तिच्या अंगात हिंडणाऱ्या पेशी ती जिवंत असतानाच दिसतात. या पेशी अन्न गिळून पचवतात, हे त्याला ठाऊक आहे. आज मात्र तो एकदम उठतो, खोलीत येरझाऱ्या घालू लागतो, समुद्रावर जाऊन येतो. अंगात काही रुतलं तर याच पेशी तिकडे धावत असतील का, हा प्रश्न त्याला बसू देत नाही.

अंगणातल्या छोट्याशा संत्र्याच्या झाडाचा काही दिवसांपूर्वी मुलांसाठी ख्रिसमस ट्री केला होता. तिथून तो गुलाबाचे दोनचार काटे आणतो आणि अळ्यांच्या त्वचेखाली अलगद सारतो. रात्रभर त्याला झोप येत नाही. तुम्हीही जागे राहा. भल्या पहाटे तो पुन्हा सूक्ष्मदर्शकाला डोळा लावतो, आणि काट्याभोवती पेशींचं कडं पडलेलं असतं. अळीला रक्तवाहिन्यांचं जाळंच नाही. तरी पेशी आपापल्या चालत आल्या आहेत. सूज म्हणजे रक्तवाहिन्यांचा बिघाड, असं त्या काळचे मोठमोठे वैद्य मानत होते. मेचनिकोव्ह म्हणू लागला की सूज ही शरीराने आरंभलेली दुरुस्ती आहे. १९०८च्या डिसेंबरात त्याला पॉल एर्लिखबरोबर नोबेल देण्यात आलं, आणि त्याच महिन्याच्या २८ तारखेला भूकंपाने मेसिना जमीनदोस्त केलं.

या काट्यात जंतूंचा मुद्दा नव्हता. पेशी धावल्या त्या इजेकडे. तुमचा पुढचा सगळा प्रवास याच गोष्टीवर उभा आहे, कारण हृदयविकाराच्या झटक्यात बाहेरून काहीच आत शिरत नाही. धमनीत गुठळी होते, तिच्या पुढच्या स्नायूचं रक्त तुटतं, आणि काही तासांत आपल्याच मेलेल्या पेशी आपल्याच शरीरात काट्याचं काम करू लागतात. मोठ्या झटक्यात अशा शंभर कोटींच्या आसपास पेशी जातात. माणसाच्या हृदयात नव्या स्नायूपेशी जवळजवळ तयारच होत नाहीत; तरुणपणी वर्षाला साधारण एक टक्का, म्हातारपणी त्याच्या निम्म्याहून कमी. त्यामुळे गेलेला स्नायू परत येत नाही. त्याच्या जागी व्रण येतो. तो व्रण कसा येतो, यावर त्या माणसाची पुढची वीस वर्षं ठरतात.

१९१२मध्ये फार वेळ थांबू नका. शिकागोचे जेम्स हेरिक नावाचे डॉक्टर एका सभेत सांगत आहेत की हृदयाची धमनी अचानक बंद पडली तरी माणूस दरवेळी जागच्या जागी मरत नाही. तो जगू शकतो, आणि म्हणून त्याच्यावर उपचारही करायला हवेत. सभागृहात फारसं कुणाला सोयरसुतक नाही. मात्र माणूस जगतो हे एकदा मान्य केलं की पुढचा प्रश्न अटळ होतो. जगलेल्या माणसाच्या छातीत पुढच्या दिवसांत नेमकं काय घडतं?

त्याचं उत्तर बघायला १९३९च्या बॉस्टनमध्ये या.

इथे तुम्हाला जिवंत रुग्ण दिसणार नाही. केनेथ मॅलरी, पॉल डडली व्हाइट आणि होर्हे साल्सेदो-साल्गार या तिघांनी झटक्यानंतर दगावलेल्या ७२ माणसांची हृदयं तपासली आहेत. कुणी झटक्यानंतर काही तासांत गेलेलं, कुणी चौथ्या दिवशी, कुणी तिसऱ्या आठवड्यात, कुणी काही महिन्यांनी. प्रत्येकाच्या हृदयाचे पातळ काप काचेवर आहेत. एकेकटी पाहिली तर ती फक्त मृत्यूची नोंद. पण झटका आणि मृत्यू यांच्यातलं अंतर मोजून त्याच क्रमाने काचा मांडल्या की ७२ मेलेल्या माणसांतून बऱ्या होणाऱ्या एका हृदयाचा प्रवास उभा राहतो. वैद्यकशास्त्रात इतकं साधं आणि इतकं मोठं काम मला फार थोडं दिसलं आहे.

आता तुम्ही त्या काचांच्या रांगेतून चालायला लागा. तुमचं एक पाऊल म्हणजे एक दिवस.

पहिल्या काही तासांच्या काचेवर जवळजवळ काहीच दिसत नाही. स्नायू मेला आहे, पण तसा दिसत नाही. पहिला दिवस उलटताना मेलेल्या भागाच्या कडेने न्यूट्रोफिल येऊ लागतात, म्हणजे रक्तातल्या सगळ्यात उतावीळ पांढऱ्या पेशी. दुसऱ्या, तिसऱ्या दिवशी त्यांची दाटी होते. चौथ्या दिवसाच्या सुमारास गर्दी बदलते. आता मॅक्रोफेज आले आहेत, मेचनिकोव्हच्या त्या गिळणाऱ्या पेशींचे वंशज म्हणा. ते मेलेला स्नायू धागा धागा करून खाऊन टाकत आहेत. इथे जरा थबका. जुनं काढून झालं आहे आणि नवं अजून आलेलं नाही, म्हणून हृदयाची भिंत या दिवसांत सगळ्यात मऊ असते. पहिल्या आठवड्यात, एरवी सावरत असलेला माणूस अचानक भिंत फाटून जातो, तो याच काळात. पुढे चला. कडेकडेने केसासारख्या नव्या रक्तवाहिन्या फुटतात, त्यांच्यासोबत कोलॅजेनचे बारीक तंतू येतात आणि आठवड्या-आठवड्याने ते दाट होत जातात. लहान जखम पाच आठवड्यांत बहुतांशी भरलेली दिसते, मोठीला दोन महिने लागतात.

हे घड्याळ पुढे कित्येक वर्षं फक्त रुग्णाला अंथरुणाला खिळवून ठेवण्यासाठी वापरलं गेलं. जखम भरायला सहा आठवडे लागतात, तर सहा आठवडे हलायचं नाही, असा हिशोब. पण काचांवर त्याहून महत्त्वाचं काही लिहिलेलं होतं. एकच रोगप्रतिकारक यंत्रणा पहिल्या दिवसांत एक काम करते आणि दुसऱ्या आठवड्यात वेगळंच. ते वाचायला आणखी जवळजवळ सत्तर वर्षं जायची होती, आणि मधल्या काळात या न वाचण्याची किंमत माणसांनी मोजली.

१९७३. यूजीन ब्राउनवाल्ड यांच्या प्रयोगशाळेतून एक निबंध बाहेर पडतो. कुत्र्याची हृदयधमनी बांधली आणि हायड्रोकॉर्टिसोन हे स्टेरॉइड दिलं, तर मेलेला भाग लहान राहतो. निबंधावरचं पहिलं नाव आहे पीटर लिबी या तरुण संशोधकाचं. हे नाव लक्षात ठेवा, पुढे भेटणार आहे. या निष्कर्षाने किती उत्साह पसरला असेल, याची कल्पना करा. तोवर डॉक्टर झटका फक्त बघत होते. वेदना कमी करायची, ठोके सांभाळायचे, आणि वाट बघायची. आता म्हणे सूज दाबली की स्नायू वाचतो. स्टेरॉइड तर प्रत्येक इस्पितळाच्या कपाटात असतं.

तीनच वर्षांनी, १९७६मध्ये, तुम्ही सेंट लुईसच्या एका हृदयरोग विभागात आहात. झटका आलेल्या रुग्णांना मिथाइलप्रेडनिसोलोनचे एकामागून एक डोस दिले गेले आहेत. रॉबर्ट रॉबर्ट्स, व्हिक्टर डिमेलो आणि बर्टन सोबेल रक्तातली सीके वितंचकं मोजत आहेत. मेलेला स्नायू जितका जास्त, तितकं हे प्रमाण जास्त. आकडे खाली यायला हवे होते. ते वर गेले. ठोक्यांची अनियमितताही वाढली. त्याआधी दोन वर्षं बल्क्ली आणि रॉबर्ट्स (हे दुसरे, विल्यम) यांनी शवविच्छेदनात पाहिलं होतं की स्टेरॉइड घेतलेल्या रुग्णांत जखम भरणं लांबतं आणि हृदयाची भिंत फुग्यासारखी बाहेर येते. १९७८मध्ये प्राण्यांवरच्या एका अभ्यासात तर शीर्षकातच ममी हा शब्द आला. स्टेरॉइडच्या मोठ्या डोसखाली मेलेले स्नायू जसेच्या तसे पडून राहिले होते, कारण त्यांना उचलून न्यायला कुणी आलंच नव्हतं.

न्याय करायचा तर पुढे सगळे जुने अभ्यास एकत्र करून पाहिल्यावर चित्र इतकं काळं निघालं नाही; एकूण मृत्यू वाढल्याचं त्यात दिसलं नाही. पण डॉक्टरांच्या मनावर जे कोरलं गेलं ते बरोबरच होतं. सूज सरसकट दाबली की तिच्यासोबत सफाईही थांबते.

तरी मोह सुटला नाही, आणि त्यासाठी मी कुणाला नावं ठेवणार नाही. १९८३मध्ये मिशिगनमध्ये कुत्र्यांच्या रक्तातले न्यूट्रोफिल आधीच काढून टाकले, तर जखम लहान निघाली. मग न्यूट्रोफिलना वाहिनीच्या भिंतीला चिकटू न देणारी औषधं आली. प्राण्यांत ती चालली, माणसांत चालली नाहीत. त्यानंतर रक्तातल्या कॉम्प्लिमेंट या प्रथिनसाखळीवर नेम धरणारं पेक्सेलिझुमॅब आलं. ५७४५ रुग्णांवर त्याची चाचणी झाली आणि २००७मध्ये निकाल लागला: औषध घेणाऱ्यांत आणि न घेणाऱ्यांत फरक नाही. प्रयोगशाळेत कुत्र्याची धमनी ठरलेल्या मिनिटाला बांधतात आणि ठरलेल्या मिनिटाला सोडतात. माणसाच्या छातीत दुखायला लागतं पहाटे, तो सकाळभर ओवा आणि सोडा घेतो, आणि दुपारी इस्पितळात येतो.

त्याच वर्षी, २००७मध्ये, तुम्ही पुन्हा बॉस्टनला येता. आता मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये मॅथियास नारेनडॉर्फ आणि फिलिप स्विर्स्की उंदराच्या हृदयातल्या पेशी रोजच्या रोज मोजत आहेत. मॅलरीच्या काचांवर सगळे मॅक्रोफेज सारखेच दिसत होते. आता प्रत्येक पेशीच्या पृष्ठभागावरची ओळखखूण वाचता येते, आणि म्हणून दिसतं की रक्तातून दोन वेगवेगळ्या लाटा येतात. पहिली लाट पहिल्या चार दिवसांची. या मोनोसाइट पेशी जहाल असतात. मेलेलं पचवतात, वितंचकं सोडतात, आणखी सूज बोलावतात. मग त्यांचा जोर ओसरतो आणि सातव्या दिवसाच्या सुमारास दुसरी लाट भरात येते. या पेशी सूज शमवतात, नव्या रक्तवाहिन्यांना आणि कोलॅजेनला वाट करून देतात.

कोल्हापूर-सांगलीकडे पूर ओसरल्यावर काय करतात ते आठवा. आधी फावडी, टिकाव, जेसीबी घेऊन येणारी माणसं लागतात, जी चिखल उपसतात, कुजलेलं सामान बाहेर फेकतात, पडायला आलेली भिंत पाडूनच टाकतात. त्यांच्यामागून गवंडी यावा लागतो. पहिल्यांना अडवलं तर गवंडी चिखलावर भिंत बांधेल. पहिले महिनाभर हललेच नाहीत, तर ते चांगल्या भिंतीही पाडतील.

नारेनडॉर्फ-स्विर्स्की जोडीने एकेक लाट अडवून पाहिली. पहिली अडवली तेव्हा मेलेला मलबा तसाच राहिला. दुसरी अडवली तेव्हा व्रण नीट विणला गेला नाही. दोन्ही बाजूंनी नुकसान. आणि २००९मध्ये त्यांनी एक कोडं सोडवलं. इतक्या पेशी इतक्या लवकर येतात तरी कुठून? रक्तात असतात त्यापेक्षा त्या कितीतरी जास्त भरतात. उत्तर निघालं डाव्या बरगड्यांखालच्या पानथरीत. तिथे मोनोसाइटचा राखीव साठा असतो, आणि छातीत झटका आला की तो बाहेर पडतो. ज्या उंदरांची पानथरी आधी काढली होती, त्यांच्या हृदयाची जखम नीट भरली नाही. हृदयाचा झटका हा फक्त हृदयाचा नसतो, हे तोवर कुणी इतक्या स्पष्टपणे दाखवलं नव्हतं.

टेक्ससमधल्या डॅलसला एक धावती भेट द्या. २०११मध्ये तिथे दिसलं की जन्मून एकच दिवस झालेल्या उंदराच्या हृदयाचा तुकडा काढला तर हृदय तो पुन्हा घडवतं, जवळजवळ व्रण न ठेवता. सातव्या दिवसापर्यंत ही शक्ती संपलेली असते. तीन वर्षांनी तशाच नवजात पिल्लांच्या शरीरातून मॅक्रोफेज काढून टाकून पाहिले, तेव्हा पहिल्या दिवसाचं हृदयही स्वतःला घडवू शकलं नाही, व्रणच उरला. म्हणजे ज्या पेशींना आपण व्रणाचे कारागीर समजत होतो, त्या योग्य वयात आणि योग्य रूपात नव्या हृदयाच्याही कारागीर असतात.

आता ओहायोतल्या सिनसिनाटीला चला. इथे थोडं जास्त थांबावं लागेल, कारण इथे एक मोठं स्वप्न मोडतं आणि त्याच्या ढिगाऱ्यातून दुसरं काही हाती लागतं. २००१पासून जगभर आशा होती की अस्थिमज्जेतल्या मूळपेशी हृदयात टोचल्या तर त्या नवा स्नायू होतील. हजारो रुग्णांना अशा पेशी टोचल्या गेल्या, आपल्याकडेही. पुढे इतर प्रयोगशाळांना तो नवा स्नायू सापडेना. ऑक्टोबर २०१८मध्ये हार्वर्डने या क्षेत्रातल्या एका नामांकित प्रयोगशाळेचे ३१ शोधनिबंध मागे घ्यावेत असं कळवलं. तरीही एक गोष्ट उरत होती. पेशी टोचलेल्या काही हृदयांना थोडं तरी बरं का वाटत होतं?

२०१९च्या अखेरीस जेफ्री मोल्केंटिन आणि रोनाल्ड व्हॅग्नोझी यांनी उंदरांच्या जखमी हृदयात तीन गोष्टी वेगवेगळ्या टोचल्या: अस्थिमज्जेच्या पेशी, हृदयातल्या पेशी, आणि झायमोसान. झायमोसान हा यीस्टच्या भिंतीतला पदार्थ. त्याचं काम फक्त प्रतिकारशक्तीला डिवचणं. तिन्हींनी सारखाच फायदा केला. गोठवून मारलेल्या पेशींनीसुद्धा केला. सायक्लोस्पोरिन देऊन प्रतिकारशक्ती दाबली, की फायदा गायब. टोचलेल्या पेशींनी स्नायू बनवलाच नव्हता. त्यांनी मॅक्रोफेजना पुन्हा एकदा बोलावलं होतं, आणि त्या मॅक्रोफेजनी व्रणाच्या कडेची वीण सुधारली होती. इतक्या वर्षांची आशा, इतके रुग्ण, इतका पैसा, आणि खरं काम करणारी पेशी भलतीच निघाली. मला याचं वाईट वाटतं, पण त्याहून जास्त महत्त्व मी या निकालाच्या प्रामाणिकपणाला देतो.

दोन वर्षं मागे, ऑगस्ट २०१७मध्ये, बार्सिलोनाच्या युरोपियन हृदयरोग परिषदेत सभागृह गच्च भरलं आहे. पॉल रिडकर कँटॉस चाचणीचे निकाल सांगत आहेत. आधी झटका येऊन गेलेले १०,०६१ रुग्ण, ज्यांच्या रक्तात सीआरपी हा सुजेचा निर्देशक अजून चढा आहे. त्यांना दर तीन महिन्यांनी कॅनाकिनुमॅबचं इंजेक्शन. हे औषध सुजेच्या साखळीतला इंटरल्यूकिन-१ बीटा हा एकच रेणू अडवतं. कोलेस्टेरॉल तसूभरही हललं नाही, तरी १५० मिलिग्रॅम घेणाऱ्यांत पुन्हा झटका, पक्षाघात किंवा हृदयरोगाने मृत्यू १५ टक्क्यांनी कमी झाले. सोबत किंमतही होती: जीवघेणे जंतुसंसर्ग थोडे वाढले, आणि एकूण मृत्यूंत फरक पडला नाही. या चाचणीच्या सूत्रधारांत कोण आहे बघा. तोच पीटर लिबी, ज्याने ४४ वर्षांपूर्वी कुत्र्याला हायड्रोकॉर्टिसोन दिलं होतं. तेव्हा सगळी सूज दाबायची होती. आता हजारो रेणूंतून एकाला हात घातला होता.

एक भेद मात्र इथे करायला हवा, कारण बातम्यांत तो हमखास पुसला जातो. कँटॉसने धमन्यांतली जुनी, धुमसती सूज कमी केली. पुढचा झटका टाळण्यासाठी. ताजी जखम भरून आणणं हा वेगळा प्रश्न आहे, आणि तो जास्त अवघड आहे.

त्या प्रश्नाला हात घालणारं सगळ्यात स्वस्त औषध आपल्या ओळखीचं आहे. कोल्चिसिन, युरिक ॲसिड वाढून अंगठा सुजला की डॉक्टर देतात ती गोळी. सह्याद्रीत पावसाळ्यात लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलणारी कळलावी याच द्रव्यामुळे विषारी असते, आणि तिच्या बियांतून ते व्यापारी प्रमाणात काढतातही. (झाड तोंडात घालायचा विचारही करू नका, औषध आणि मरण यांत फार थोड्या मात्रेचं अंतर आहे.) नोव्हेंबर २०१९मध्ये मॉन्ट्रियलचे ज्याँ-क्लोद तार्दिफ यांनी सांगितलं की झटक्यानंतर ३० दिवसांच्या आत रोज अर्धा मिलिग्रॅम सुरू केलेल्यांत पुढचे हृदयविकाराचे प्रसंग ७.१ टक्क्यांवरून ५.५ टक्क्यांवर आले. एकंदर ४७४५ रुग्ण होते. मग २०२१मध्ये फ्रान्समधून वेगळी बातमी आली. धमनी उघडतानाच मोठ्या मात्रेत सुरू करून पाच दिवस दिलं, तर जखम लहान झाली नाही, उलट हृदयाच्या पोकळीत गुठळ्या जास्त दिसल्या. आणि २०२४मध्ये ७०६२ रुग्णांच्या चाचणीत झटक्यानंतर लगेच सुरू केलेल्या कोल्चिसिनने काहीच फरक पडला नाही. औषध घेणाऱ्यांत ९.१ टक्के, न घेणाऱ्यांत ९.३.

असे उलटसुलट निकाल वाचून अनेकजण हात झटकतात. मला त्यात मॅलरीच्या काचांचीच आठवण येते. कधी, किती, किती दिवस, आणि कोणत्या रुग्णाला, हे चार प्रश्न सोडवल्याशिवाय औषधाच्या नावाला अर्थ नाही.

नॉर्वेत या प्रश्नांना थोडं नेमकं उत्तर मिळालं. तिथे मोठा झटका येऊन सहा तासांच्या आत आलेल्या १९९ रुग्णांना अँजिओप्लास्टीच्या वेळी एकच सलाईन लावलं गेलं. काहींच्या सलाईनमध्ये टॉसिलिझुमॅब हे सूज रोखणारं औषध होतं, काहींच्यात नव्हतं. काही दिवसांनी एमआरआय केला तेव्हा धोक्यात आलेल्या स्नायूपैकी वाचलेला भाग औषधवाल्यांत ६९.३ टक्के निघाला, बाकीच्यांत ६३.६. व्रणाच्या अंतिम आकारातला फरक मात्र खात्रीने सांगण्याइतका नव्हता. टॉसिलिझुमॅब हे नाव महाराष्ट्रात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. एप्रिल २०२१मध्ये, कोविडच्या लाटेत, पुण्या-मुंबईत, नाशकात, नागपुरात ज्यांनी या इंजेक्शनसाठी रात्रभर फोन केले, त्यांना ते अजून विसरता आलेलं नाही. तेव्हाही प्रश्न हाच होता: सूज पेटलेली असताना ते दिलं तर उपयोग, भलत्या वेळी दिलं तर नाही.

केंब्रिजमध्ये झिआद मलात यांचा गट वेगळ्या वाटेने जातो आहे. सूज दाबण्याऐवजी सूज शमवणाऱ्या नियामक टी-पेशींची संख्या वाढवायची, त्यासाठी इंटरल्यूकिन-२ अगदी अल्प मात्रेत द्यायचं. हेच औषध मोठ्या मात्रेत कर्करोगात प्रतिकारशक्ती भडकवायला देतात. आणि जानेवारी २०२२मध्ये फिलाडेल्फियात जोनाथन एप्स्टाइन यांच्या गटाने उंदरांना एक इंजेक्शन दिलं. कोविडच्या लशीसारखाच मेदाच्या कणांत गुंडाळलेला एमआरएनए, पण तो टी-पेशींपर्यंत पोचवलेला. त्या पेशी काही दिवसांपुरत्या बदलल्या, हृदयात अवाजवी तंतू विणणाऱ्या पेशींना त्यांनी हेरलं, हृदय काहीसं सैल झालं, आणि मग त्या पूर्ववत झाल्या. मला यातलं ‘काही दिवसांपुरत्या’ सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. ताज्या जखमेला तंतू हवे असतात. सहा महिन्यांच्या हृदयाला ते नको असतात. आपोआप ओसरणारं औषधच अशा ठिकाणी शोभतं. एमआरएनएचा हा प्रयोग उंदरांतला आहे, आणि तो झटक्याच्या जखमेवर नव्हे तर ताणाने ताठरलेल्या हृदयावर होता, हेही सांगितलं पाहिजे.

शेवटचा थांबा आजचा. महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्याच्या गावी, सीसीयूबाहेरच्या बाकड्यापाशी. भारतात झटका आलेल्या २०,४६८ रुग्णांची एक मोठी नोंद २००८मध्ये प्रसिद्ध झाली होती. छातीत दुखायला लागल्यापासून इस्पितळात पोचायला त्यांना मध्यम हिशेबाने ३६० मिनिटं लागली होती. सहा तास. नॉर्वेतल्या चाचणीत सहा तासांनंतर आलेल्याला घेतलंच नव्हतं. उद्या कितीही चांगलं औषध निघालं, तरी इथे ते घड्याळाच्या भलत्याच काट्यावर पोचेल. म्हणून आपल्याकडच्या चाचण्या आपल्याकडच्या उशिरासह व्हायला हव्यात. उशिरा पोचलेल्या हृदयात सूज कोणत्या टप्प्यावर असते, ते आधी मोजून. आयते परदेशी आकडे इथे लावून चालणार नाहीत.

आत काका झोपले आहेत, झटक्याचा तिसरा दिवस. स्टेंट परवा बसला. निवासी डॉक्टर एकोचा कागद घेऊन बाहेर येतात. मुलगा उठून उभा राहतो.

“मॅडम, पंपिंग किती आहे?”

“पस्तीस. पण आजच्या आकड्यावर जाऊ नका. काही स्नायू मेलाय, काही नुसता सुन्न झालाय. सुन्न झालेला जागा होतो. सहा आठवड्यांनी परत एको करू, तेव्हा खरं कळेल.”

“सहा आठवडे? तोवर काहीच नाही करायचं?”

तुम्हाला ठाऊक आहे की आत याक्षणी काय चाललं आहे. न्यूट्रोफिलची गर्दी टिपेला आहे, पानथरीने आपला साठा सोडला आहे, मॅक्रोफेज कामाला लागले आहेत, आणि पुढचे काही दिवस भिंत मऊ असणार आहे.

“करायचंय ना. गोळी एकही चुकवायची नाही, रक्त पातळ ठेवायची तर मुळीच नाही. पहिले काही दिवस जोर करायचा नाही, मग मी सांगेन तसं रोज थोडं थोडं चालायचं. दम लागला, पाय सुजले, पुन्हा छातीत दुखलं, तर वाट न बघता इथे यायचं. आणि काकू, यांच्या गुडघ्यासाठी मेडिकलवाल्याकडून कुठली गोळी आणता?”

काकू पर्समधून पाकीट काढतात. डायक्लोफेनॅक.

“ही बंद. अंगदुखी, गुडघेदुखी, कशालाच नाही. ही सूज मारते. हृदयाला झालेल्या जखमेला सध्या ती सूज लागतेय, आणि पुन्हा झटका यायचा धोकाही या गोळीने वाढतो. स्टेरॉइडची गोळी किंवा इंजेक्शनही कुणी दिलं, तर आधी मला विचारायचं.”

“मग दुखलं तर?”

“पॅरासिटामॉल चालेल. पण कितीदा लागते ते कागदावर लिहून ठेवा, पुढच्या वेळी येताना आणा.”